वाया गेलेले तीन घाणे

१४ जानेवारी

चि. टिल्लीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन सात आठवडे झाले आणि मी आज उत्तराला बसतोय, त्याबद्दल माफ कर. चष्म्याची काडी मोडली होती. ती जोडून आणली तोवर हात थरथरायला लागला. हात जरा थांबला तर वरच्या मजल्यावरच्यांनी फरशी फोडायला काढली. खरं कारण वेगळंच आहे. तुझ्या पत्रातलं निम्मं मला कळलं नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. माझी शाळा चौथीत सुटली. तुझी अजून सुटलेली दिसत नाही.

आता तीन वेळा वाचल्यावर एवढं कळलं, की घटसर्पाचे जंतू तुझ्या प्रयोगशाळेत झकास वाढतात, पण विष सोडत नाहीत. विष वेगळं काढून त्याचा अभ्यास करायला तुला नेमलंय, आणि मार्चअखेर ते दाखवलं नाहीस तर तुझ्या बाई हे काम पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थाला देणार. वा! काचेचं दार असलेलं यंत्र, आपोआप हलणाऱ्या बाटल्या, वाऱ्याची कपाटं, आणि हाती काय, तर गढूळ पाणी. अगं, आम्ही हेच विष पातेल्यांत आणि बाटल्यांत पिंपभर काढत होतो, आणि आमच्यातल्या निम्म्यांना धड सहीही करता येत नव्हती.

तुझा मामा छत्तीस वर्षं औषधं बनवणाऱ्या त्या संस्थेत मांसाचं पाणी उकळत होता, हे तू तुझ्या बाईंना सांगितलंस का? सांगितलं नसणारच. आचारी मामा कोणाला हवा असतो? पण त्या पाण्यावाचून जंतू जगत नाही. मी घाणा शिजवायचा, गाळायचा, चपट्या बाटल्यांत भरायचा. साहेब त्यात जंतू पेरायचे. मग बाटल्या सात दिवस उबेच्या खोलीत आडव्या पडायच्या. दुधावर धरते तशी साय धरली की ते पाणी चिनी मातीच्या नळ्यांतून गाळायचं. जंतू वर राहायचे, विष खाली उतरायचं. दिसायला चहाच्या पाण्यासारखं. त्याचा थेंब गिनीपिगला टोचला की चौथ्या दिवशी तो आडवा. मग तेच विष थोडंथोडं घोड्यांना टोचायचं, आणि घोड्याच्या रक्तातून मुलांसाठी उतारा काढायचा. झालं तुझं शास्त्र.

छत्तीस वर्षांत फक्त तीन घाणे वाया गेले, तेही कोणामुळे, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या बाबांना उबेची खोली सांभाळायला दिली होती. खुर्चीत बसायचं, काटा बघायचा, आकडा लिहायचा, एवढं काम. तेवढंही झालं नाही. डुलकी लागली, खोली तापली, विष करपलं. तीनदा! एकदा झोपलेला माणूस मी समजू शकतो. तू त्यांची मुलगी आहेस म्हणून काळजीने लिहितोय. यंत्रावर विसंबून डोळे मिटू नकोस.

दुसरं, ती नळी तोंडाने ओढत नाहीस ना? टोचून घेतलंस ना? डबा त्या खोलीत उघडत नाहीस ना? मला रात्रभर हेच सुचतं. बाबांना खोकला कसा आहे ते मला कळवायची गरज नाही, पण कळवलंस तर वाचेन.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आचारी मामाची गोष्ट ऐकून आमच्या बाई पहिल्यांदा हसल्या. पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ हसले नाहीत. त्यांना माझं टेबल मिळणार होतं ना, म्हणून ते आधीच मोजमाप घेऊन बसले होते.

आता ते टेबल त्यांना मिळत नाही. विष निघालं.

कसं ते सांगते, कारण यात तुम्हाला रस वाटेल. दोष जंतूंचा नव्हता, यंत्राचा नव्हता, माझ्या डोळ्यांचाही नव्हता. आमच्या पाण्यात लोखंड होतं. शुद्ध पाण्याच्या यंत्रातली गाळणी बदलायची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपली होती. तसा कागदही यंत्रावर चिकटवलेला आहे. रोज वीस शिकलेली माणसं त्या कागदासमोर उभी राहून पाणी भरत होती. नळ जुने, गंजलेले. हा जंतू असा, की लोखंड भरपूर मिळालं की तो सुखाने वाढतो आणि विष करतच नाही. लोखंडाची उपासमार झाली की विष सोडतो. माणसाच्या घशात त्याला लोखंड मिळत नाही, म्हणून तिथे तो घातक. मी शेजारच्या इमारतीतून पाणी आणलं, नवा घाणा लावला (तुमचा शब्द आता इथे सगळे वापरतात). आम्ही गिनीपिग वापरत नाही. ताटलीत माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवतो, त्यांवर विषाचा थेंब टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीतल्या पेशी मेलेल्या. कोणाच्या मरणाने मला इतका आनंद झाला नव्हता.

आता तुमच्या तीन घाण्यांबद्दल. मागच्या महिन्यात घरी गेले होते तेव्हा बाबांच्या पेटीत त्यांची वही सापडली. तीन-तीन तासांचे आकडे आहेत. पस्तीस, पस्तीस, पस्तीस. तुम्ही म्हणाल, झोपलेला माणूस खोटे आकडेही लिहील. पण वहीत गोल कागद चिकटवलेले आहेत. उबेच्या खोलीच्या भिंतीवर सुईचं यंत्र होतं ना, ती सुई आपोआप या कागदांवर रेघ ओढायची. तिन्ही घाण्यांचे कागद आहेत. रेघ कुठेही वर गेलेली नाही. सुई डुलकी घेत नाही, मामा. खोली तापलीच नव्हती. हे कागद तेव्हा कोणी बघितले का नाहीत? गुन्हेगार सापडल्यावर पुरावा बघायचा कंटाळा येत असावा.

मग विष का झालं नाही? तुम्ही तिथे होता म्हणून विचारते. त्या तीन घाण्यांच्या वेळी पाण्याचा नळ बदलला होता का? विहिरीचं पाणी वापरलं होतं का? बाटल्या नव्या होत्या का? आठवेल तेवढं कळवा. बाबांना मी अजून काही बोललेले नाही. खात्री झाल्याशिवाय त्यांच्यापुढे आशा ठेवायची नाही असं ठरवलंय.

खोकला तसाच आहे. हल्ली ते फारसे उठत नाहीत.

तुमची
टिल्ली


९ फेब्रुवारी

चि. टिल्लीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं आणि लगेच उत्तर देतोय. बघ, मला लवकरही लिहिता येतं.

विष निघालं, चांगलं झालं. पण लोखंडाची गोष्ट मला पटत नाही. म्हणजे तुझा जंतू कचेरीतल्या कारकुनासारखा झाला, पोट भरलं की काम बंद! अशक्त माणसाला डॉक्टर लोखंडाच्या गोळ्या देतात, मग त्याचा जोर कमी होतो की वाढतो? पुस्तकात काय वाटेल ते छापतात. उद्या म्हणाल जंतूला गाणं ऐकवलं की विष गोड होतं.

त्या काळाचं म्हणशील तर पाणी तेच होतं. नळ तोच. बाटल्या त्याच. आणि भांडंही तेच, इनॅमलचं, पांढरं, निळ्या काठाचं. साहेबांनीच दिलेलं. मी छत्तीस वर्षं त्याच भांड्यात शिजवलं, दुसऱ्या कुठल्याही भांड्यात एकदाही नाही. लोखंडी भांडं आमच्या खोलीत नव्हतंच. कोणी काही सांगत असेल तर खोटं सांगतोय. घोड्यांकडचा माणूस तर आयुष्यभर खोटं बोलला, आणि तो आता जिवंतही नाही.

मी तुला सावध करतो. जुनं उकरून काही मिळणार नाही. संस्थेकडून भरपाई मिळवायचा विचार असेल तर सोडून दे, तिथे आता सगळी नवी पोरं बसलीत, त्यांना आपलं नाव सांगितलं तरी ती दोनदा विचारतात. तुझ्या बाबांनी तो प्रकार मान्य केला होता. मी काही ऐकीव सांगत नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी जे बघितलं तेच सांगितलं. डोळे मिटलेले होते म्हणजे होते.

शिवाय ते आजारी आहेत. आजारी माणसाला असल्या गोष्टी सांगून त्याचा जीव घाबरा करायचा का? तूच विचार कर. एकतीस वर्षं झाली. तुझी आईही गेली. आता कोणाला काय फरक पडतो?

मला दोन दिवस छातीत धडधडतंय. हवा पालटल्याने असेल.

तुझा मामा


२० फेब्रुवारी

मामा,

मी नळाचं विचारलं होतं, पाण्याचं विचारलं होतं, बाटल्यांचं विचारलं होतं. भांड्याचं विचारलंच नव्हतं.

कोणाला काय फरक पडतो ते सांगते. त्या हंगामात घोड्यांना टोचायला विष नव्हतं, म्हणून पुढे उतारा कमी पडला. हे बाबांना संस्थेने सांगितलं, मग गल्लीने सांगितलं. तुम्ही आमच्या घरी येणं बंद केलंत, त्यावरून तर सगळ्यांचीच खात्री पटली. बाबा पुढे सायकली दुरुस्त करायला लागले. लहान मूल सायकलवर बसवून कोणी दुकानात आलं की ते आत निघून जायचे, आईला पुढे पाठवायचे. मला वाटायचं बाबांना मुलं आवडत नाहीत.

आता ते भेटायला येणाऱ्याला स्वतःहून सांगतात, "मी झोपलो होतो." परवा डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "झोप लागते ना, मग चांगलं आहे." मी खोदून विचारलं, "बाबा, तुम्हाला झोपल्याचं आठवतंय का?" तर म्हणाले, "आठवत नाही, पण तुझ्या मामाने बघितलंय. तो कशाला खोटं बोलेल?"

मी त्यांना काही सांगणार नाही. गोल कागद दाखवणार नाही, लोखंडाचं समजावणार नाही. ते माझ्यावर विश्वास ठेवणारच नाहीत. म्हणतील, पोरगी बापाची समजूत घालतेय. ज्याच्या शब्दावर ते दोषी झाले त्याच्याच शब्दावर ते सुटतील. भिंग घेऊन ते अजून वाचतात. पत्र त्यांच्या नावाने पाठवा, मला नको. मी तुमची हमाल नाही.

डॉक्टरांनी महिन्याचं सांगितलंय. तुमची हवा पालटून झाली की लिहा.

टिल्ली


३ मार्च

ती. भावोजींस,
सा. न.

माझं अक्षर बघून तुम्ही हे पत्र बाजूला ठेवाल अशी भीती वाटते. ठेवू नका. ठेवायचंच असेल तर पुढची एक ओळ वाचून ठेवा.

तुम्ही झोपला नव्हतात.

बाकीचं आता सांगतो. एका सकाळी मी घाणा चुलीवर ठेवला आणि घोड्यांकडच्या माणसाबरोबर चहाला गेलो. त्याच्याकडे नेहमी कोणाची ना कोणाची भानगड असायची, आणि मला ती ऐकायचा सोस. परत येतो तर खोलीत धूर. पाणी आटलेलं, मांस जळून तळाला धरलेलं, इनॅमलचे टवके उडालेले. कोठीवर कोण होता ते तुम्हाला आठवत असेल, आपण त्याला तोफ म्हणायचो. एक काचेची नळी फुटली तरी तो कागदावर खुलासा लिहून मागायचा. मला तेव्हा धड खुलासा लिहिता येत नव्हता. तुमच्याकडून लिहून घेता आला असता. त्याचीही लाज वाटली, कारण तुम्ही सातवी शिकलेले आणि मी तुमच्या बायकोचा अडाणी भाऊ.

म्हणून घोड्यांचा दाणा उकडायची ती मोठी लोखंडी कढई होती, ती मी घासून आणली. पातेलं पोत्यात गुंडाळून कोळशामागे ढकललं. तीन घाणे त्या कढईत शिजवले. पाणी जरा काळपट यायचं, मी कापडातून दोनदा गाळायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. जंतू तर एरवीपेक्षा जोरात वाढले, साय जाड धरली. साहेब म्हणाले, छान. मग थेंब टोचले आणि गिनीपिग उड्या मारत राहिले.

लोखंडाने विष होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टिल्लीने महिन्यापूर्वी लिहिलं तेव्हा कळलं. पण या अडाणीपणाआड मी लपणार नाही, कारण साहेबांनी आपल्याला एकेकाला आत बोलावून विचारलं होतं, "शिजवण्यात, पाण्यात, भांड्यात, काही बदललंय का? काहीही?" भांड्यात, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने विचारलं होतं. मी म्हणालो, "नाही साहेब." मग त्यांनी विचारलं, "उबेच्या खोलीवरचा माणूस कधी झोपतो का?" मी म्हणालो, "डोळे मिटलेले बघितलेत." बघितले होते. दुपारच्या सुट्टीत, बाहेरच्या बाकावर, भाकरी खाऊन झाल्यावर. बाक मी सांगितला नाही. सुट्टीही सांगितली नाही. एवढीच ती साक्ष.

तुम्हाला काढलं आणि चौथ्या दिवशी तोफ रजेवर गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाने काही न विचारता मला नवं इनॅमलचं पातेलं दिलं. कढई घोड्यांकडे परत गेली. पुढचा घाणा टोचला तर गिनीपिग चौथ्या दिवशी मेला. सगळे तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून माना हलवायला लागले. माणूस गेला आणि विष आलं, याहून मोठा पुरावा कोणता! मीही मान हलवली. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसापासून माझी स्वतःचीही खात्री पटली. कढई मी विसरूनच गेलो. तुम्हाला झोपाळू म्हणताना मला कधी अडखळल्यासारखं वाटलं नाही, इतकं सोपं झालं ते. ताईसमोर म्हणालो. तिच्या शेवटच्या आजारात इस्पितळात म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून निजली, मला वाटलं तिला पटलं.

मी टिल्लीच्या प्रयोगशाळेला हसलो. वीस शिकलेली माणसं एक कागद वाचत नाहीत म्हणून ती त्यांना हसली. आता मला सांगा, माझ्यासारख्याला काय म्हणायचं? जंतूसुद्धा उपासमार झाल्यावर विष सोडतो. मला काय कमी होतं? नोकरी होती, पोटभर जेवण होतं, बहिणीचं घर दोन गल्ल्यांवर होतं.

पुढे उतारा कमी पडला त्याचं ओझं तुम्ही उचलू नका. ते माझं आहे. तुम्ही ते एकतीस वर्षं वाहिलंत, मी ते दहा दिवस वाहून बघितलं आणि मला जिना चढवत नाही. किती मुलांना औषध मिळालं नाही हे कोणी मोजलं होतं की नुसतं बोलत होते, तेही मी शोधलं नाही. शोधायची हिंमत नाही.

संस्थेलाही असंच पत्र पाठवलंय. शेजारच्या मास्तरांकडून शुद्ध करून घेतलं. मास्तरांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "आता कोण वाचणार हो हे?" तिथला कोणी पोरगा शिक्का मारून कपाटात टाकेल. मारू दे. पण तुम्हाला लिहिलेलं हे पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही. यातल्या चुका माझ्या आहेत.

क्षमा करा असं लिहिलं होतं, ते खोडलं. तसं मागायचा मला हक्क नाही, आणि तुमचा स्वभाव मी जाणतो. तुम्ही लगेच देऊन टाकाल, दुकानात आलेल्याला सुटा खिळा द्यावा तशी. त्यापेक्षा शिव्या द्या. तुम्ही मला कधी एक शिवी दिली नाहीत, ते मला फार लागलं होतं.

तुम्ही बोलावलंत तर येईन. आत येऊ नको म्हणालात तर दारात उभा राहीन. माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर ऐकवीन, डॉक्टरांसमोर, गल्लीतल्या लोकांसमोर, जेवढ्यांना तुम्ही सांगितलंत तेवढ्या सगळ्यांना. नावं तेवढी सांगा.

हात चालत नसेल तर टिल्लीकडून लिहून घ्या. तिला सांगा, सौम्य करू नकोस, बाबा बोलले तसंच लिही. आणि लिहायचं काहीच नसलं तरी पत्र वाचलंत एवढं कळवा. डॉक्टरांनी जे सांगितलंय ते मला टिल्लीने सांगितलंय, म्हणून घाई करतोय. पोस्टमन सकाळी अकराला येतो. मी दहापासून दारात बसतो. लवकर कळवा, भावोजी.

तुमचा मेव्हणा